हेअर मेटलवरून भांडणाऱ्या मराठी रॉकप्रेमींना खुलं पत्र

मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

रॉक ऐकणारी चार मराठी माणसं एकत्र बसली की गाडी कधी ना कधी हेअर मेटलवर, म्हणजे 1980 च्या दशकात केस पिंजारून आणि मेकअप करून वाजवलेल्या अमेरिकन हेवी मेटलवर, येतेच, आणि एकदा आली की तासभर तिथून हलत नाही. एक गट म्हणतो, ते मेटल नव्हतंच, केसांना स्प्रे आणि ओठांना लिपस्टिक लावून विकलेला बाजारी माल होता तो. दुसरा गट म्हणतो, तुमच्या आवडत्या बँडच्या जन्मात खपल्या नसतील तेवढ्या रेकॉर्ड यांच्या वर्षभरात खपल्या, तेव्हा बोलू नका. आवाज चढतात. कुणी मेटालिका या जड, वेगवान बँडचं नाव घेतं, कुणी निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनचं. पण एखादा रिफ (गिटारची परत परत येणारी धून), एखादा सोलो, ड्रमची एखादी जागा यांबद्दल अवाक्षर निघत नाही. दोन्ही बाजूंना मी ओळखतो, दोन्हीकडे माझे जिवाभावाचे लोक आहेत, आणि या संगीतावर माझं मनापासून प्रेम आहे. म्हणून आज स्पष्टच लिहितो: हा वाद आपला नाही. तो अमेरिकेतून आयता आला, आणि आपण न ऐकताच दोन्ही बाजूंची री ओढत बसलो.

अमेरिकेत या भांडणाला कारणं होती, ती समजून घेऊ. नोव्हेंबर 1983 मध्ये क्वाएट रायट या बँडचा ‘मेटल हेल्थ’ हा अल्बम बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या अल्बम यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. हेवी मेटलच्या अल्बमला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याबरोबर रेकॉर्ड कंपन्यांची नजर लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपकडे वळली. व्हिस्की अ गो गो, रॉक्सी, गझारीज या क्लबांच्या त्या रस्त्यावर देशभरातून पोरं येऊन धडकू लागली. पॉइझन या बँडची मंडळी पेनसिल्व्हेनियातल्या मेकॅनिक्सबर्ग नावाच्या छोट्या गावातून गाडी काढून आली. पुढे पुढे तर क्लबवाले बँडलाच आधी तिकिटं विकत घ्यायला लावत. ती खपवायची जबाबदारी बँडची, न खपली तर खिशाला चाट. त्यामुळे दिवसभर रस्त्यावर पत्रकं वाटायची, खांबांना चिकटवायची आणि रात्री वाजवायचं, असं ते आयुष्य. गर्दीत उठून दिसण्यासाठी प्रत्येकाचे केस आदल्यापेक्षा उंच होत गेले. कंपन्यांनी एकासारखे एक बँड करारबद्ध केले आणि एमटीव्ही या गाण्यांच्या वाहिनीने ते सकाळ-संध्याकाळ दाखवले. सहा-सात वर्षं हेच पाहिलेला एखादा अमेरिकन मुलगा 1991 साली वैतागला असेल, तर त्याचा वैताग खरा आहे.

मेटालिकाचा रागही खरा होता. हा बँड मुळात लॉस एंजेलिसचा. त्या ग्लॅमच्या, म्हणजे नटण्यामुरडण्याच्या, वातावरणात त्यांची डाळ शिजली नाही. क्लिफ बर्टनसारखा बेसवादक मिळावा म्हणून 1983 मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला गेले आणि तिथे त्यांना आपला श्रोता सापडला. ज्या शहराने आपल्याला विचारलं नाही, त्या शहराच्या लाडक्यांबद्दल मनात अढी राहणारच.

पण तुमचं-माझं काय? आपल्याकडे एमटीव्ही स्टार टीव्हीबरोबर 1991-92 च्या सुमारास आलं, म्हणजे ही लाट ओसरत असताना. मुंबई-पुण्याच्या कॅसेटच्या दुकानांत हेअर मेटलचे बॉन जोव्ही आणि त्यांच्या विरुद्ध टोकाचे निर्वाणा एकाच फळीवर शेजारी शेजारी मिळत. 1995 मध्ये बॉन जोव्ही मुंबईत येऊन वाजवून गेले. अमेरिकेत तोवर हा सगळा प्रकार जुनापुराणा ठरला होता, आणि इथे लोक जिवाच्या आकांताने गात होते. आपल्याला कुणी सहा वर्षं तेच तेच ऐकवून पिडलं नव्हतं. आपल्या कुठल्याही बँडचा करार या लोकांमुळे हुकला नव्हता. कोऱ्या कानांनी ऐकायची इतकी सोन्यासारखी संधी मिळाली असताना आपण तिथल्या मासिकांतला तिटकारा उचलला आणि तो स्वतःची अभिरुची म्हणून मिरवायला लागलो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विंगरचं उदाहरण घ्या. या बँडचं नाव काढलं की आपल्यात हटकून हशा पिकतो. का, हे विचारलं तर दोन गोष्टी सांगता येतात. मेटालिकाच्या 1992 च्या एका व्हिडिओत त्यांचा ड्रमर लार्स उलरिक विंगरचा गायक किप विंगर याच्या फोटोवर बाण मारताना दिसतो. आणि ‘बीव्हिस अँड बटहेड’ या एमटीव्हीवरच्या कार्टूनमध्ये सगळ्यांची चेष्टा सोसणारा जो स्टुअर्ट नावाचा पोरगा आहे, त्याच्या अंगात विंगरचा टी-शर्ट असतो. झालं. या दोन गोष्टींवर एका बँडची पत गेली, आणि तीस वर्षांनी पुण्यातला माणूसही त्याच दोन गोष्टींवर हसतो.

आता त्या बँडमध्ये कोण होतं ते बघा. ड्रमवर रॉड मॉर्गनस्टीन. हा डिक्सी ड्रेग्ज या फ्यूजन बँडचा ड्रमर, ज्याचे अवघड ताल ऐकून भलेभले हात टेकतात. पुढे बर्कली संगीत महाविद्यालयात त्याने वर्षानुवर्षं शिकवलं. गिटारवर रेब बीच, न्यूयॉर्कच्या स्टुडिओंमध्ये दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवून तयार झालेला. किप विंगर स्वतः आधी ॲलिस कूपरकडे बेस वाजवत होता. त्याने नंतर वाद्यवृंदासाठी रीतसर रचना केल्या. त्याच्या ‘घोस्ट्स’ या रचनेवर 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्को बॅलेने नृत्य बसवलं, आणि ‘कॉन्व्हर्सेशन्स विथ निजिन्स्की’ला समकालीन शास्त्रीय रचनेच्या ग्रॅमीचं नामांकन मिळालं. हा माणूस रातोरात संगीतकार झाला नाही. 1988 मध्ये केस पिंजारून नाचत होता तेव्हाही तो हाच होता. पहिल्या अल्बमची गाणी गिटारवर बसवायला घ्या, म्हणजे कळेल. रेब बीचचे रिफ ऐकायला सरळ आणि बोटांखाली भलतेच आडमुठे आहेत. आणि 1993 चा त्यांचा ‘पुल’ हा अल्बम तर मला त्या सगळ्या काळातल्या उत्तम कामांपैकी एक वाटतो: आवाज रुक्ष, शब्द गंभीर, वाजवणं तोलून-मापून. तोवर कार्टूनने आपलं काम केलं होतं. अल्बम कुणी ऐकलाच नाही.

याच विंगरचं सर्वांत गाजलेलं गाणं एका सतरा वर्षांच्या मुलीबद्दल आहे, आणि त्याचे शब्द आज ऐकवत नाहीत. खरं तर तेव्हाही ऐकवायला नको होते. रिफ अफलातून आणि शब्द लाज आणणारे, हे दोन्ही एकाच गाण्याबद्दल खरं आहे. विरोधकांनी शब्दांवरून रिफ नाकारू नये आणि समर्थकांनी रिफच्या आड शब्द लपवू नयेत, एवढंच माझं म्हणणं.

नटण्याचंही तेच. मराठी माणसाने तरी नटण्यावरून गाणं हलकं ठरवू नये. शालू नेसून, दागिने घालून रंगमंचावर उभे राहिलेल्या बालगंधर्वांचं गाणं आपण आजही डोळे मिटून ऐकतो. वेशभूषा हा त्या खेळाचा भाग होता, आणि गाणं वेशभूषेच्या पलीकडे टिकलं. मग पॉइझनच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचा मेकअप पाहून आतलं एकही गाणं न ऐकता निकाल द्यायचा, हा कुठला न्याय?

‘ती सगळी पोरींची आणि पार्ट्यांची गाणी’ हे वाक्यही आता पुरे. व्हाइट लायन या बँडचं ‘लिटल फायटर’ हे 1989 चं गाणं रेनबो वॉरियरबद्दल आहे, ग्रीनपीसचं ते जहाज 1985 मध्ये फ्रेंच हेरांनी ऑकलंडच्या बंदरात बुडवलं होतं. याच बँडने वर्णभेदाविरुद्ध आणि युद्धाविरुद्धही गाणी केली. सिंड्रेला या बँडचा गायक टॉम किफर तर अंतर्बाह्य ब्लूजचा माणूस. त्यांच्या ‘हार्टब्रेक स्टेशन’ या गाण्याची तंतुवाद्यांची रचना लेड झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने केली आहे. जोन्सला ज्यात हात घालावासा वाटला, ते आपण न ऐकता बाजूला सारतो.

आणि ट्विस्टेड सिस्टर हा बँड. सप्टेंबर 1985 मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे रॉकच्या गीतांवर लेबलं लावण्याबाबत सुनावणी झाली. फ्रँक झापा आणि जॉन डेन्व्हर या संगीतकारांबरोबर ट्विस्टेड सिस्टरचा गायक डी स्नायडर साक्षीला गेला, तोही आपल्या नेहमीच्या अवतारात, मोकळ्या केसांनी. त्याच्या एका गाण्यात विकृत हिंसा आहे, असा आरोप होता. त्याने शांतपणे सांगितलं की ते गाणं बँडच्या गिटारवादकाच्या घशाच्या शस्त्रक्रियेबद्दल, ऑपरेशन टेबलावरच्या भीतीबद्दल आहे. मोठमोठे सिनेटर समोर बसलेले असताना त्याने आपली बाजू मुद्देसूद मांडली. आज जे ‘खरं मेटल’ म्हणून छाती पुढे काढतात, त्यांच्याही स्वातंत्र्यासाठी त्या दिवशी एक हेअर मेटलवाला उभा होता.

आता ‘निर्वाणाने एका रात्रीत यांचा बाजार उठवला’ ही गोष्ट. दोन्ही बाजूंना ती आवडते, एकाला विजय म्हणून, दुसऱ्याला कटकारस्थान म्हणून. तारखा मात्र वेगळं सांगतात. जून 1991 मध्ये स्किड रो या हेअर मेटल बँडचा ‘स्लेव्ह टू द ग्राइंड’ हा अल्बम थेट पहिल्या क्रमांकावरच उतरला, आणि तो त्यांच्या आधीच्या अल्बमपेक्षा कितीतरी जड, खडबडीत होता. त्याच जूनमध्ये एक्स्ट्रीमचं दोन आवाज आणि एका गिटारवरचं गाणं एकेरी गाण्यांच्या यादीत अव्वल होतं. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबरात आला आणि जानेवारी 1992 मध्ये वर पोहोचला. त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘टू बी विथ यू’ तीन आठवडे पहिलं राहिलं. ते गाणाऱ्या मिस्टर बिगमध्ये बिली शीहन आणि पॉल गिल्बर्ट होते, म्हणजे बेस आणि गिटारमधले त्या काळातले दोन दादा लोक. एका रात्रीत मेलेल्या माणसाची ही लक्षणं नव्हेत.

मग काय झालं? माझ्या मते हे संगीत आतून पोखरलं गेलं, आणि पोखरणारे होते रेकॉर्ड कंपन्यांचे साहेब. वॉरंट या बँडची गोष्ट बघा. दुसऱ्या अल्बमचं नाव ठरलं होतं ‘अंकल टॉम्स केबिन’, त्यातल्या त्याच नावाच्या गाण्यावरून. खून डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाची ती कहाणी, सुरुवातीला अकूस्टिक गिटारचा लांबलचक तुकडा. बँडचा गायक जानी लेन हा चांगला गीतकार होता, याचा ते गाणं रोकडा पुरावा आहे. अल्बम तयार झाल्यावर कंपनीच्या वरिष्ठांनी आणखी एक जोरकस, रेडिओवर वाजेल असं गाणं मागितलं. लेनने झटपट ‘चेरी पाय’ लिहून दिलं. अल्बमचं नाव बदललं, मुखपृष्ठ बदललं, आणि लेन आयुष्यभर ‘चेरी पायवाला’ राहिला. त्या गाण्याचा त्याला किती वैताग यायचा, हे तो कॅमेऱ्यासमोर बोलला आहे. 2011 मध्ये तो गेला. त्या अल्बमवर नाक मुरडणाऱ्यांपैकी कितीजणांनी मुळात ठरलेलं शीर्षकगीत ऐकलंय, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

इथवर वाचून समर्थक मंडळी खूश झाली असतील, तर त्यांच्याशीही बोलायचं आहे. खपाचे आकडे तोंडावर फेकणं बंद करा. खप हा गुणवत्तेचा पुरावा असता तर वाद घालायची गरजच नव्हती, हिशेबनीस पुरला असता. आणि ‘त्या काळी सगळे मजा करत होते’ हे सुद्धा सगळ्यांसाठी खरं नाही. डिसेंबर 1984 मध्ये मॉटली क्रू या बँडचा गायक विन्स नीलने दारूच्या नशेत गाडी चालवली आणि शेजारी बसलेला हॅनॉय रॉक्सचा ड्रमर रॅझल जिवानिशी गेला. समोरच्या गाडीतली दोन माणसं गंभीर जखमी झाली. नीलला महिनाभरही तुरुंगात काढावा लागला नाही. या प्रसंगाची गणना ‘रॉक अँड रोलच्या धमाल किश्श्यां’मध्ये होताना पाहिलं की मला संताप येतो.

स्त्रियांच्या बाबतीत तर दोन्ही बाजू सारख्याच दोषी आहेत. गाण्यांत आणि व्हिडिओंमध्ये बाईला शोभेची वस्तू करून ठेवलं, याचं समर्थन होऊच शकत नाही. पण समर्थकांच्या ‘सर्वोत्तम वीस’ याद्यांमध्ये व्हिक्सन का नसते? चारही बायका, स्वतः वाजवणाऱ्या, मिनेसोटात जॅन क्युनमंड या गिटारवादिकेने उभा केलेला बँड. तिचे सोलो नेटके आणि सुरेल आहेत, कुठल्याही पुरुष सहकाऱ्याच्या तोडीस तोड. आणि विरोधकांनो, हे संगीत ‘पोरींना आवडायचं’ म्हणून हलकं, हा तुमचा मुद्दा तुमच्याच तोंडून नीट ऐकून बघा. मैफलीत अर्ध्या मुली असणं हा दोष कसा काय ठरला? थ्रॅशच्या, म्हणजे मेटालिकासारख्या वेगवान मेटलच्या, मैफलींत त्या दिसत नसत, यात मिरवण्यासारखं काय आहे?

आणखी एक लबाडी दोन्हीकडून चालते. जे आवडलं त्याला हार्ड रॉक म्हणायचं, जे नाही आवडलं ते हेअर मेटल. विरोधक गन्स अँड रोझेसला अलगद बाहेर काढतात, समर्थक त्यांना ओढून आत आणतात. वस्तुस्थिती अशी की तो बँड एल. ए. गन्स आणि हॉलीवूड रोझ या त्याच रस्त्यावरच्या दोन बँडच्या माणसांतून 1985 मध्ये झाला. त्यांचा गिटारवादक स्लॅश याने तर पॉइझनसाठी ऑडिशन दिली होती. ती जागा सी. सी. डेव्हिलला मिळाली. माणसं तीच, क्लब तेच, खायचे वांधेही तेच. भिंत आपण नंतर बांधली. डेफ लेपर्ड मात्र मी खरोखरच बाहेर ठेवतो. ते शेफील्डचे, वेगळ्या ब्रिटिश परंपरेतले, आणि त्यांना स्वतःला हे लेबल कधीच मान्य नव्हतं. 1984 च्या शेवटच्या दिवशी अपघातात डावा हात गमावलेल्या त्यांच्या ड्रमर रिक ॲलनने त्या हाताचं काम डाव्या पायाखालच्या पेडलांवर सोपवलं, आणि ‘हिस्टीरिया’ हा अल्बम वाजवला. त्या जिद्दीला माझा दंडवत, पण तिच्या आधाराने सनसेट स्ट्रिपची बाजू सावरू नका. स्ट्रिपवाल्यांकडे स्वतःचं पुरेसं आहे.

काय आहे, ते रॅट या बँडच्या ‘राउंड अँड राउंड’मध्ये ऐका. 1984 चं गाणं. वॉरन डिमार्टिनी सोलो सुरू करतो. गतीचा दिखावा नाही, प्रत्येक सुराला किंचित खेचून सोडण्याची त्याची खास लकब. मग रॉबिन क्रॉस्बी दुसऱ्या गिटारवर सामील होतो, आणि एकच ओळ दोन वेगवेगळ्या सुरांवरून बरोबरीने चालू लागते. कुणी कुणावर कुरघोडी करत नाही. गाण्याला जेवढं हवं तेवढं वाजवून दोघे थांबतात आणि कोरस परत येतो. किंवा व्हाइट लायनच्या ‘वेट’मधला व्हिटो ब्राटाचा सोलो. दोन्ही हातांनी टॅपिंग (तारांवर बोटं आपटून वाजवणं) करताना बहुतेकांचं वाजवणं यंत्रासारखं होतं. ब्राटाचं गळ्यातून आल्यासारखं होतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा माणूस संगीतसृष्टीतून बाहेर पडला आणि पुन्हा क्वचितच लोकांसमोर आला. असा गिटारवादक दुसऱ्या कुठल्या प्रकारात असता तर आपण त्याचं नाव कानाच्या पाळीला हात लावून घेतलं असतं.

म्हणून एक विनंती करतो. पुढच्या वेळी भेटू तेव्हा वादाआधी ऐकू. व्हिडिओ नको, मुखपृष्ठं नकोत, बँडचं नावही आधी सांगायचं नाही. एक संध्याकाळ, आठ-दहा गाणी: रॅट, व्हाइट लायन, सिंड्रेलाचा तिसरा अल्बम, व्हिक्सन, ‘स्लेव्ह टू द ग्राइंड’, वॉरंटचं ते खुनाच्या साक्षीदाराचं गाणं. ज्यांना आवडणार नाही त्यांनी कुठल्या जागी काय खटकलं ते सांगावं. गायकाचा वरचा सूर, ड्रमचा पोकळ घुमणारा आवाज, बॅलडचा ठरावीक साचा, काहीही. या तक्रारींत तथ्य आहे आणि त्यांवर बोलायला मला आवडेल. ज्यांना आवडेल त्यांनीही का आवडलं ते गाण्यावर बोट ठेवून दाखवावं. आठवणी आणि आकडे त्या दिवशी घरी.

सुरुवात विंगरच्या ‘पुल’ने करू. सीडी माझ्याकडे आहे. तारीख तुम्ही कळवा.

तुमचाच,
एक सहश्रोता